ओटा तोडण्याआधी

स्वयंपाकघर कळकट दिसू लागलं की आधी मॉड्युलरवाल्याला फोन जातो आणि पहिला हातोडा पडतो तो कडाप्प्याच्या ओट्यावर. कशाला? कडाप्पा हा चुनखडीच्या जातीचा दगड. लिंबू, चिंच, व्हिनेगर सांडलं की त्यावर पांढुरके डाग उठतात, आणि ते घालवायला पुन्हा ॲसिड ओतणारे महाभागही आहेत! साध्या साबणाने धुऊन, पुरता वाळवून खोबरेल तेलाचा हलका हात फिरवा, मग कोरड्या फडक्याने पुसा. दगड पुन्हा काळाभोर दिसतो. अधूनमधून हे करावं लागतं, एवढंच. भिंतीवरच्या टाइल्सचे चिकट सांधे गरम पाणी, धुण्याचा सोडा आणि जुन्या टूथब्रशने घासा, मग त्यांत पांढरं सिमेंट भरा. कपाटांच्या मुठी बदलल्या तर उत्तम. पण खरा फरक उजेडाचा. आपल्याकडे ट्यूब असते पाठीमागे, त्यामुळे भाजी चिरताना आपलीच सावली ओट्यावर पडते. वरच्या फळीखाली एलईडीची पट्टी लावा. सिंकखाली गळती असेल तर मात्र पहिला पैसा प्लंबरला द्या, रंगरंगोटी नंतर.