संसार एकटीचा नव्हे

काटकसरीने संसार करणाऱ्या गृहिणीचे कौतुक करण्यात मराठी समाज कधी मागे राहिलेला नाही. मोजक्या पगारात महिना तडीस नेणारी, मुलांना वेळेवर शाळेत धाडणारी, आल्यागेल्याला विन्मुख न पाठवणारी बाई घराची लक्ष्मी ठरते. आणि महिनाअखेरीस डबे रिकामे झाले किंवा मूल शाळेतून गळाले की तिच्याच हाताला यश नाही असे म्हटले जाते. या स्तुतीत आणि या निंदेत एकच गृहीत दडलेले आहे. घर चालवणे व मुले वाढवणे हे बाईचे खासगी कसब असून कारखानदाराचा, समाजाचा वा शासनाचा त्याच्याशी काही संबंध नाही, हे ते गृहीत. गिरगावपासून परळ-लालबागपर्यंत पसरलेल्या कष्टकरी मुंबईचा गेल्या शंभर वर्षांचा इतिहास मात्र ते खोटे पाडतो.

गिरणगावातल्या आईने आपला दिवस केव्हा सुरू व्हावा हे स्वतः कधीच ठरवले नाही. ते गिरणीच्या भोंग्याने ठरवले. पहिल्या पाळीला जाणाऱ्या नवऱ्याची भाकरी, सामाईक नळाला पाणी येण्याची वेळ, रेशनच्या दुकानापुढची रांग, पालिकेच्या शाळेची घंटा आणि रातपाळीहून परतलेल्या दिराची झोप, इतक्या घड्याळांशी तिला एकाच खोलीत मेळ घालावा लागे. मुंबई विकास विभागाने १९२०च्या दशकात नायगाव, वरळी, शिवडी व आजच्या ना. म. जोशी मार्गावर बांधलेल्या बी. डी. डी. चाळींतली खोली १६० चौरस फुटांची. स्वयंपाक, अभ्यास, आजारपण आणि गावाहून आलेला पाहुणा, सगळे त्यातच. हे निभावले याचे कारण खोलीचे दार दिवसभर उघडे असे. सज्जातले मूल शेजारणीच्या नजरेखाली खेळे आणि कामावर गेलेल्या आईचे लेकरू समोरच्या खोलीत जेवे. कोकणातून व घाटावरून एकटे आलेले हजारो कामगार ज्या खाणावळींवर जगले, त्या खाणावळीही अशाच एका खोलीतल्या चुलीवर चालत. प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले आणि या बायकांना बँकेच्या कर्जाची वाट खुली करून दिली, तेव्हा कुठे या रांधण्याला उद्योग म्हणून मान्यता मिळाली. त्याआधी १९५९ साली गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली होती. तिचीच पुढे लिज्जत ही मोठी संस्था झाली. घर हे श्रमाचेही ठिकाण आहे, हे या बायकांनी कोणतेही पुस्तक न वाचता सिद्ध केले.

तथापि चाळीच्या या सहजीवनाचे गोडवे गाताना एक गोष्ट झाकली जाऊ नये. तिथे भार वाटून घेतला जात होता, पण तो बाईकडून बाईकडे. खाणावळवाली पहाटेपासून रात्री उशिरापर्यंत राबे, आणि तिच्या घरचा पुरुष युनियनच्या सभेला जाई. समता त्या सभेत घोषणा होऊन राही आणि उंबरठा ओलांडून आत येत नसे.

चुलीचा प्रश्न रस्त्यावर आणण्याचे श्रेय मात्र बायकांनाच द्यावे लागेल. १९७२ साली महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती स्थापन झाली. मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर, प्रमिला दंडवते, तारा रेड्डी, कमल देसाई या भिन्न पक्षांतल्या कार्यकर्त्या तिच्यात एकत्र आल्या आणि हजारो गृहिणी लाटण्याने थाळ्या बडवीत मोर्चात उतरल्या. तेल, साखर, रॉकेल यांचे भाव ठरतात मंत्रालयात आणि घाऊक बाजारात. मग संसार नीट चालत नाही याचा जाब गृहिणीला का विचारावा, हा त्या थाळीनादाचा सवाल होता.

दहा वर्षांनी याहून कठोर परीक्षा आली. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख गिरणी कामगार उतरले. तो संप अधिकृतपणे कधीच मागे घेतला गेला नाही. दत्ता सामंत, राष्ट्रीय मिल मजदूर संघ, गिरणीमालक आणि सरकार यांच्याविषयी विपुल लिहिले गेले आहे. पगार बंद असलेल्या त्या घरांत रोज चूल कोणी पेटवली, हा प्रश्न त्या मानाने क्वचितच विचारला गेला. अंगावरचे सोने मोडून, भाजी विकून, शिवणकाम करून, परक्यांची धुणीभांडी करून ज्यांनी मुलांचे शिक्षण चालू ठेवले, त्यांच्या श्रमावर तो संप तगला होता. त्यांचे नाव कोणत्याही वाटाघाटीत नव्हते.

शासनाला आणि मालकाला ही जबाबदारी माहीत नव्हती असे मुळीच नाही. १९२८ साली मुंबई कायदेमंडळात प्रसूती लाभ विधेयकाला पाठिंबा देताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी बाळंतिणीच्या विश्रांतीत राष्ट्राचे हित असल्याचे सांगितले होते. या खर्चाचा मोठा वाटा सरकारने उचलायला हवा, परंतु तो उचलला जात नाही तोवर बाईच्या श्रमाचा लाभ घेणाऱ्या मालकाने तो द्यावा, असा त्यांचा युक्तिवाद होता. १९२९ साली कायदा झाला. १९४८च्या कारखाने अधिनियमाने ५०हून अधिक स्त्रिया कामाला असतील तेथे पाळणाघर सक्तीचे केले आणि १९७६ साली ही मर्यादा ३०वर आणली. परंतु मोजणी स्त्रियांची असल्यामुळे मालकाला पळवाट सापडली. बायकाच कमी ठेवल्या की पाळणाघराचा प्रश्न उरत नाही! १९२०च्या दशकात मुंबईच्या गिरण्यांतला सुमारे पाचवा हिस्सा स्त्रियांचा होता. गिरण्या बंद पडण्याच्या सुमारास त्या मूठभर उरल्या होत्या. यंत्रांची फेररचना आणि रात्रपाळीचे निर्बंध हीही त्याची कारणे होती, हे खरे. पण मूल हे फक्त आईचे असते या समजुतीवर आधारलेला कायदा आईलाच नोकरीतून बाहेर काढायला साधन पुरवतो, हा धडा त्यातून घ्यायला हवा. २०१७च्या दुरुस्तीने ५० कर्मचाऱ्यांच्या आस्थापनेत, मग ते पुरुष असोत वा स्त्रिया, पाळणाघर आवश्यक ठरवले, ही सुधारणा स्वागतार्ह आहे. त्याच दुरुस्तीने मातेची रजा २६ आठवडे केली. बापाला मात्र खासगी क्षेत्रात कायद्याने एका दिवसाचीही रजा नाही.

दरम्यान गिरणगावच पालटले. १९९१च्या विकास नियंत्रण नियमावलीनुसार गिरण्यांच्या जमिनीचे जवळजवळ तीन समान वाटे होऊन एक मोकळ्या जागेला आणि एक सार्वजनिक घरांना मिळायचा होता. २००१च्या बदलाने ही वाटणी केवळ रिकाम्या जमिनीपुरती उरली आणि २००६ साली सर्वोच्च न्यायालयानेही त्यावर शिक्कामोर्तब केले. जिथे उद्याने, बालवाड्या, पाळणाघरे होऊ शकली असती तिथे टोलेजंग मनोरे उभे राहिले. त्या मनोऱ्यांतले संसार दुसऱ्या बाईच्या पगारी श्रमावर चालतात, आणि तिचे स्वतःचे मूल त्या वेळी कोणापाशी असते हे कोणी विचारत नाही. राज्याने २००८ साली घरेलू कामगारांसाठी कल्याण मंडळाचा कायदा केला; पाळणाघर त्यांच्या वाट्याला आजही क्वचितच येते.

बी. डी. डी. चाळींच्या जागी ५०० चौरस फुटांची घरे होत आहेत. वरळीतल्या पहिल्या रहिवाशांना ऑगस्ट २०२५मध्ये किल्ल्या मिळाल्या. घरात स्वतःचा नळ आणि स्वतःचे शौचालय असणे ही कष्टकरी बाईची जुनी, न्याय्य मागणी होती, आणि तिच्या पूर्तीचा आनंदच मानला पाहिजे. परंतु सज्जा गेला, दार बंद झाले आणि शेजारणीची नजर हरपली. चाळ जे फुकट पुरवीत होती ते आता कोण पुरवणार, याचे उत्तर इमारतीच्या आराखड्यातच असायला हवे. नाहीतर ते पुन्हा एकट्या आईच्या डोक्यावर येऊन पडेल.

ते पडतच आहे याला सरकारी आकडेवारीच साक्ष देते. २०२४च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार घरकाम करणाऱ्या स्त्रीची त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटे जातात, तर त्यात हात घालणाऱ्या पुरुषाची ८८. २०१९ साली हेच आकडे २९९ आणि ९७ होते. बाईची दहा मिनिटे वाचली, पण ती पुरुषाने उचलली नाहीत. त्याचीही नऊ मिनिटे कमीच झाली!

मुलांचे संगोपन घरातच, आईच्या मायेत व्हावे, त्यात संस्थेने पडू नये, असा आक्षेप नेहमी येतो. ताराबाई मोडकांनी १९३६ साली दादरला शिशुविहार सुरू केला, तेव्हाच त्याला उत्तर मिळाले आहे. चांगली बालवाडी आईची माया हिरावून घेत नाही, ती मुलाला सवंगडी देते आणि आईला श्वास घ्यायला उसंत. ही सोय ज्यांना परवडते ते ती विकत घेतात. आक्षेप ऐकवले जातात ते गरिबाच्या बाईला.

म्हणून पुनर्विकासाच्या प्रत्येक योजनेत सार्वजनिक पाळणाघराची व बालवाडीची जागा राखून ठेवली पाहिजे. ते चालवण्याचा खर्च पालिकेने व मालकवर्गाने उचलला पाहिजे. बापाला पगारी रजा मिळाली पाहिजे. ज्या अंगणवाडी सेविकांच्या हाती लक्षावधी मुले आहेत त्यांना मानधनावर न राबवता कामगाराचा दर्जा व वेतन दिले पाहिजे. डिसेंबर २०२३पासून महाराष्ट्रातल्या सेविकांना सुमारे पन्नास दिवस संप करावा लागला, ही राज्याला लाजिरवाणी गोष्ट आहे. या मागण्या महिला आघाडीच्या ठरावात शेवटी जोडण्याच्या नाहीत. वेतनवाढ आणि बोनस यांच्या पंक्तीत त्यांना स्थान हवे, कारण उद्याचा कामगार आज कोणीतरी बिनपगारी सांभाळत आहे.

आणि ज्या कार्यकर्त्याला या मागण्या घेऊन वस्तीत जायचे आहे त्याने निघण्यापूर्वी एवढे तरी पाहावे, की सभेहून परतल्यावर त्याच्या घरात ताट कोण वाढते, ते कोण घासते, आणि मूल तापाने फणफणले तर रजा कोण टाकते. पाळणाघराची मागणी त्याच्या तोंडी लोकांना खरी वाटेल की नाही, हे त्या उत्तरावर ठरेल.