पाण्यावरचें बिऱ्हाड

आमचे वडील बंधू सरकारी नोकरींतून निवृत्त झाले, त्यास आतां बारा वर्षें झालीं. घर भरलेलें आहे, सुना कर्तव्यदक्ष आहेत, नातवंडें लाघवी आहेत. भाजी घरपोंच येते, विजेचें बिल मुलगा कचेरींत बसूनच भरतो. दादांनीं एखादी पिशवी उचलली कीं, "तुम्ही कशाला त्रास घेतां, बाबा? आराम करा," असें प्रेमळ शब्द चोहोंकडून येतात. दादा आराम करितात. आणि दुपारीं तीन वाजल्यापासून खिडकीशीं उभे राहून चहाची वाट पाहतात.

गेल्या दिवाळींत आम्ही त्यांच्याकडे गेलों असतां दादा नातवाच्या संगणकावर कांहीं चित्रफिती पाहण्यांत गढून गेले होते. इंग्लंडांतील कालव्यांतून निवृत्त दांपत्यें नौका चालवीत आहेत, असा त्यांचा विषय. राहतें घर सोडून म्हातारपणीं होडींत बिऱ्हाड थाटणें, ह्यास हौस म्हणावें कीं वेड, असें प्रथम आमच्या मनांत आलें. परंतु पाहतां पाहतां आम्हीही तेथेंच बसलों.

हे कालवे मुळांत मालवाहतुकीसाठीं खणलेले. कोळसा मँचेस्टरला पोंचविणारा ब्रिजवॉटरचा कालवा १७६१ सालीं सुरू झाला आणि पुढें साऱ्या देशांत असे जलमार्ग झाले. आगगाडी आल्यावर ते मागें पडले. १९४४ सालीं रोल्ट ह्या लेखकानें आपल्या नौकेंतील संसारावर पुस्तक लिहिलें, १९४६ सालीं कालवे वांचविण्यासाठीं संस्था निघाली, आणि स्वयंसेवकांनीं गाळ उपसून कित्येक जुने कालवे पुन्हां वाहते केले. आज इंग्लंड व वेल्स मिळून सुमारें २,००० मैलांचे जलमार्ग एका विश्वस्त संस्थेच्या देखरेखीखालीं आहेत.

जुन्या बांधकामाच्या मापानें ही नौका रुंदीला जेमतेम ७ फूट, लांबीला फार तर ७०-७२ फूट. तेवढ्यांत पलंग, ओटा, शेगडी आणि पुस्तकांचें एक फडताळ. नवी वस्तु आणावयाची तर जुनी काढून टाकणें भाग. पिण्याचें पाणी टाकींत भरून पुरवून वापरावयाचें, थंडीसाठीं कोळसा आणावयाचा, शौचाची टाकी बहुधा स्वतःच्याच हातांनीं नेऊन रिती करावयाची. ज्यांस नांगरण्याची कायमची जागा नाहीं, त्यांनीं सामान्यतः एका ठिकाणीं १४ दिवसांहून अधिक राहूं नये, असा १९९५ चा कायदा आहे. विंचवाचें बिऱ्हाड पाठीवर, तें ह्यांचें पाण्यावर! वेगाची मर्यादा ताशीं ४ मैल; म्हणजे कांठानें चालणारा मनुष्यही बरोबरीनें येऊं शकतो.

कालव्याला चढ चढावयाचा असेल तेथें 'लॉक' असतें: दोन्ही टोकांस जड दारें असलेला एक हौद. नौका आंत घेऊन मागचीं दारें मिटावयाचीं, हातदांडा फिरवून झडप उचलावयाची व वरचें पाणी आंत सोडावयाचें. दोन्हीकडील पाणी समपातळीस आल्यावांचून कितीही जोर केला तरी दार उघडत नाहीं. समपातळी झाली कीं पाठ टेकून तें ढकलतां येतें. डेव्हायझेस गांवाजवळ अशीं २९ लॉकें दोन मैलांत आहेत. एकानें सुकाणू धरावें, दुसऱ्यानें कांठावर उतरून दारें सांभाळावीं, अशी बहुधा कामाची वांटणी असते.

दादांना विशेष आवडलेलें जोडपें म्हणजे टिमोथी वेस्ट व प्रुनेला स्केल्स, हे नामांकित नट-नटी. २०१४ पासून दूरचित्रवाणीवर त्यांचे कालव्यांतील प्रवास दाखविले गेले, तेव्हां दोघांचेंही वय ऐंशीच्या आसपास होतें. बाईंना विस्मरणाचा विकार जडला होता. वेस्ट २०२४ सालीं आणि स्केल्स २०२५ सालीं निवर्तलीं. चित्र दाखवीत दादा म्हणाले, "पाहिलेंस? बाईंना विसर पडतो, तरी लॉकचें काम त्यांच्याकडून कोणी काढून घेतलेलें नाहीं."

ह्या जीवनाचें आम्ही उगाच स्तोम माजवूं इच्छित नाहीं. गुडघे थकले कीं दार ढकलवत नाहीं, हिंवाळ्यांत दुरुस्तीसाठीं कालवे ठिकठिकाणीं बंद होतात, आजारपणांत भरल्या घराची सर नौकेला येणार नाहीं. तो आधार आपल्या एकत्र कुटुंबांत आहे, हें आपलें भाग्य. परंतु ज्यांच्या हातांनीं हें घर उभें राहिलें, त्यांचे हात मायेनेंच रिकामे करणें, ही चूकही आपल्याच घरांत होते. विश्रांति कामानंतर गोड लागते. अष्टौप्रहर विश्रांति ही एक प्रकारची शिक्षाच.

निघतांना आम्हीं धाकट्या सूनबाईंना विनंती केली कीं, सकाळचें दूध आणण्याचें काम दादांकडे असावें. "काका, पावसाळ्यांत ते घसरून पडले तर?" असें तिनें विचारलें. तिची काळजी अगदीं रास्त होती. पडण्याचें भय लॉकच्या कांठावरही असतेंच, वाचकहो. तेथें त्यावर उपाय म्हणून हातांतील दोर काढून घेत नाहींत. शेजारीं दुसरें माणूस उभें राहतें. आम्हीं सूनबाईंना इतकेंच सांगितलें. आतां रोज सकाळीं दादा दुधाला जातात, आणि नातू किटली न उचलतां त्यांच्याबरोबर चालतो.