स्कॅन करून टाकून दे म्हणे!

गेले तीन शनिवार मी माळ्यावर आहे. अक्षरशः. डोकं छताला, गुडघे छातीला आणि नाकात पंचवीस वर्षांची धूळ. पुढच्या महिन्यात मी नेदरलँड्सला चाललोय, आइंडहोव्हनला नोकरी लागलीये. आणि नेमक्या याच मुहूर्तावर आमची चिंचवडची सोसायटी रिडेव्हलपमेंटला गेली. आईबाबा दोन-तीन वर्षं भाड्याच्या वन बीएचकेमध्ये राहणार. नव्या टॉवरच्या प्लॅनमध्ये माळा नावाची गोष्टच नाही. (मी विचारलं. सेल्सवाला हसला.) थोडक्यात काय, माझ्याकडे तेवीस किलोच्या दोन बॅगा आणि समोर एका अख्ख्या घराचं आयुष्य.

अशा वेळी भेटेल तो एकच सल्ला देतो. टीममधले, कॉलेजचा ग्रुप, चुलतभाऊ, झाडून सगळे. "अरे, स्कॅन कर आणि टाकून दे. आजकाल कोण कागद ठेवतं?" मीही हा सल्ला लोकांना दिलाय, छाती फुगवून. आज माझं म्हणणं असं आहे की हा सल्ला शुद्ध बंडल आहे. आणि आपल्या धंद्यातल्या माणसाने तर तो देताना लाजलं पाहिजे.

का ते सांगतो.

समजा तुमच्या टीममध्ये नवीन पोरगा आलाय. तो शुक्रवारी संध्याकाळी येऊन म्हणाला, "सर, प्रॉडक्शन डेटाबेसचा बॅकअप घेतला, आणि जागा मोकळी व्हावी म्हणून मूळ डेटाबेस उडवला." तुम्ही काय कराल? आधी पाणी प्याल. मग विचाराल, "रिस्टोअर करून बघितलंस का?" तो म्हणेल, "नाही, पण फाईल दिसतेय ना." त्या पोराचं पुढे काय होईल हे सांगायची गरज नाही.

आपण कामावर ३-२-१ चा नियम पाठ म्हणतो. तीन प्रती, दोन वेगवेगळ्या माध्यमांवर, एक दुसऱ्या जागी. मग घरी आल्यावर काय होतं आपल्याला? बॅकअप म्हणजे दुसरी प्रत. पहिली फेकून दिली की उरते ती बॅकअप नसते, एकुलती एक प्रत असते. तीही कुणाच्या तरी सर्व्हरवर, कुणाच्या तरी मर्जीवर. ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ ला बंद झालं. मायस्पेसने २०१९ मध्ये कबूल केलं की सर्व्हर हलवताना लोकांनी वर्षानुवर्षं चढवलेली गाणी गेली. गूगल फोटोजची 'अमर्याद, फुकट' जागा १ जून २०२१ ला संपली. दोन वर्षं वापर नसलेली खाती पुसायचं धोरण त्याच गूगलने २०२३ मध्ये आणलं. यात कुणाची बदमाशी आहे असं मी म्हणत नाही. कंपन्या आहेत, आपापला हिशोब बघणार. पण आपल्या आजीचा ठेवा आपण त्या हिशोबात का टाकायचा?

बरं, फाईल टिकली म्हणजे सगळं टिकलं असंही नाही. माळ्यावर एक सीडी सापडली. आमच्या काकाने २००६ मध्ये सायबर कॅफेत बसून आजोबांची सगळी हकीकत टाइप करून घेतली होती, चार पानं. सीडी ड्राइव्ह शोधायला अर्धा दिवस गेला. सीडी चालली, फाईल उघडली, आणि समोर रोमन अक्षरं, कंस आणि टक्केवारीच्या चिन्हांची भेळ! युनिकोड घरोघरी पोचण्याआधीचा फाँट. कन्व्हर्टर असतात, मान्य. पण आधी फाँट कुठला होता ते कळायला हवं, आणि ते ठाऊक असणारा सायबर कॅफे जाऊन आता तिथे मोमोजचं दुकान आलंय. त्याच पिशवीत १९७४ चा कागद होता. तो वाचायला मला फक्त चष्मा लागला.

त्या कागदाचीच गोष्ट सांगायचीये.

आजोबा मुंबईत गिरणीत होते. परळला एका खोलीत पाळीपाळीने झोपणारे दहा-बारा जण, जेवण खानावळीत. आजी, आत्या आणि बाबा रत्नागिरी जिल्ह्यातल्या गावी. दर महिन्याला मनीऑर्डर. मनीऑर्डरच्या फॉर्मला एक छोटं कुपन असायचं, दोन ओळींचा निरोप लिहायला. पैसे दिले की पोस्टमन ते कुपन फाडून घेणाऱ्याच्या हातात ठेवायचा. आजीला वाचता येत नव्हतं. पोस्टमनच वाचून दाखवायचा. पण तिने कुपनं ठेवली. एकूण एकसष्ट, सुतळीने बांधलेली, १९७४ ते १९८२.

मी काय केलं? जे हुशार मुलगा करेल तेच. एका रविवारी बसून एकसष्टच्या एकसष्ट कुपनं फोनवर स्कॅन केली. ॲपमध्ये तो 'डॉक्युमेंट' मोड असतो बघा, कागद पांढराशुभ्र आणि अक्षर काळंभोर करणारा. तासाभरात काम फत्ते. पीडीएफ फॅमिली ग्रुपवर टाकली, पंधरा अंगठे आले. आणि तो गठ्ठा शाळेच्या वह्या, इंजिनिअरिंगच्या जर्नल्स आणि जुन्या पेपरांसोबत रद्दीवाल्याच्या पोत्यात गेला.

रात्री बाबा फोनवर ती पीडीएफ बघत होते. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "मागची बाजू घेतलीस ना रे?"

मागची बाजू?

"मागे ताईचा हिशोब असायचा. पैसे आले की आई सांगायची आणि ताई पेन्सिलीने लिहायची. वाण्याचे किती, फीचे किती."

मी पीडीएफ परत उघडली. मागची बाजू नव्हतीच. पुढच्या बाजूलासुद्धा पोस्टाचा तारखेचा शिक्का ॲपने डाग समजून पुसून टाकला होता. फिकट जांभळी शाई, त्याला काय कळणार! म्हणजे माझ्याकडे एकसष्ट निरोप होते, ज्यातल्या निम्म्यांना तारीखच नव्हती. डेटा होता, मेटाडेटा गायब. वर्षाला चाळीस वेळा 'मेटाडेटा जपा' म्हणून स्लाइड दाखवणारा मी.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला मी आणि बाबा रद्दीच्या दुकानासमोर उभे. शटर उघडलं. त्या भल्या माणसाने तीन पोती आमच्यासमोर उलटी केली. गठ्ठा दुसऱ्या पोत्यात निघाला, सुतळीसकट. त्याने पैसे घेतले नाहीत. म्हणाला, "वजनात शंभर ग्रॅमपण नाही भरणार साहेब."

घरी आल्यावर पहिल्यांदाच ती कुपनं आम्ही तारखेनं लावली. बाबा, मी, आणि फोनवर आत्या. आणि मग जे दिसलं ते कुठल्याच एका कुपनात नव्हतं. १९७८ मधले आत्याचे आकडे वाकडेतिकडे, ओळ सोडून पळणारे. १९८१ पर्यंत अक्षर वळणदार झालेलं, हातच्याचा हिशोब बरोबर. पोरगी शिकत होती, हे तिथे दिसतं. रकमा साठ, सत्तर, नव्वद अशा चढत गेलेल्या. आणि शेवटचं कुपन फेब्रुवारी १९८२ चं, तीस रुपयांचं. त्यामागे आत्याने फक्त वाण्याचं नाव लिहिलंय आणि पुढे आकडा नाही.

१८ जानेवारी १९८२. गिरणी संप सुरू झाला तो दिवस. डॉ. दत्ता सामंत, अडीच लाखांच्या आसपास कामगार, संप रीतसर मागे असा कधी घेतलाच गेला नाही. हे सगळं मी वाचलं होतं, सिनेमातही बघितलं होतं. पण आमच्या घरात तो संप म्हणजे फेब्रुवारीनंतर कुपन नाही, एवढाच. गठ्ठा तिथे संपतो. आत्या फोनवर म्हणाली, "त्या जूनला मी शाळेत गेलेच नाही रे." इतकी वर्षं हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं. कुणी विचारलंच नव्हतं.

आता सांगा, 'नसलेलं कुपन' कसं स्कॅन करायचं?

अर्थात माझ्यावरही आक्षेप येणार. पहिला: कागद काय अमर आहे का? वाळवी आहे, ओल आहे, आग आहे. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं तेव्हा पुण्यात नदीकाठच्या किती घरांतले कागदपत्र वाहून गेले असतील! शंभर टक्के मान्य. म्हणूनच स्कॅन करा, जरूर करा. दोन्ही बाजू, रंगीत, फिल्टर न लावता. माझं भांडण 'स्कॅन करून' या शब्दांशी नाहीच. भांडण 'टाकून दे' शी आहे.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे आणि तो आईचा आहे. ती म्हणाली, "तुला कौतुक आहे रे. तुमच्या घरचं हे सगळं तीस वर्षं झाडलंय कुणी? दर दिवाळीला माळ्यावर चढून?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. 'ट्रॅव्हल लाइट' म्हणणाऱ्या प्रत्येक पोराचा कुठेतरी एक माळा असतो, आणि तो आई झाडते. म्हणून 'सगळंच ठेवा' हेही माझं म्हणणं नाही. ती तर दुसऱ्याच्या कमरेवर केलेली हौस झाली.

मग काय? तर फेका. पण फेकायचं ते बघून फेका. माझ्या जर्नल्स, ड्रॉइंग शीट्स, मिनी ड्राफ्टर, दहावीच्या वह्या, बक्षिसाचे पेले, सगळं गेलं. एकाचाही फोटो काढला नाही, आणि एकाचीही आठवण येत नाहीये. ज्याची गरज नाही त्याचा स्कॅनही नको. स्कॅन ही आपल्या पिढीची पळवाट आहे. फेकायची हिंमत नाही आणि ठेवायची जबाबदारी नको, म्हणून मधला मार्ग. पीडीएफ करायची, क्लाउडवर ढकलायची आणि आयुष्यात परत उघडायची नाही. याला जपणं म्हणत नाहीत, निर्णय पुढे ढकलणं म्हणतात.

मारी कोंडोबाईंनी जगाला शिकवलं की वस्तू हातात घेऊन बघा, आनंद होतो का. कपड्यांना ही कसोटी झकास आहे. भावनिक वस्तू सगळ्यांत शेवटी हाताळा, असं त्याही सांगतात, तेवढं श्रेय त्यांना देऊ. पण तीस रुपयांच्या त्या कुपनाने मला आनंद झाला नाही. पोटात गोळा आला. ते ठेवायलाच हवं. माझी कसोटी साधी आहे: ही वस्तू गेली तर जी गोष्ट मला दुसऱ्या कुणाकडून कळणार नाही, ती यात आहे का? असेल तर ठेवा. नसेल तर रद्दी, विनाखेद.

आणि गंमत बघा. कागदाला किंमत नाही असं आपणच म्हणतो, जग म्हणत नाही. आइंडहोव्हनच्या नगरपालिकेत नोंदणी करायची तर त्यांना माझा मूळ जन्मदाखला हवाय, मागे अपॉस्टिलचा स्टिकर चिकटवलेला. स्कॅन चालणार नाही. सरकार नावाच्या संशयी प्राण्याला कळतं की मूळ कागद आणि त्याचं चित्र या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्याला का कळू नये? १८९८ मध्ये राजवाड्यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' चा पहिला खंड काढला, त्याआधी आणि नंतर ते लोकांच्या घरांतून, माळ्यांवरून दप्तरं गोळा करत हिंडले. ते कागद कुणीतरी तोवर, काही उपयोग नसताना, ठेवले होते म्हणूनच ना?

असो. ठरलं ते असं. गठ्ठा मी नेणार नाही. एखादं कुपन 'आठवण म्हणून' खिशात टाकायचा मोह झाला होता, पण गठ्ठ्यातून एक काढलं तरी तो गठ्ठा राहत नाही. तो आत्याकडे जाईल. अक्षर तिचं आहे. तिने आधी 'मी काय करू त्याचं' म्हटलं आणि दोन तासांनी परत फोन करून 'कधी आणतोस' विचारलं. मी घेऊन जाणार ती प्रत. यावेळी रंगीत, दोन्ही बाजूंची, तारखेसकट, आणि प्रत्येक कुपनाखाली आत्या-बाबांनी सांगितलेलं टाइप करून. युनिकोडमध्ये, अर्थातच.

पुढच्या महिन्यापासून मीही घरी पैसे पाठवणार. ॲपवरून, मिनिटभरात. कारण काय, ते यादीतून निवडायचं असतं, 'कुटुंबाचा खर्च'. दोन ओळींच्या निरोपाला जागा आहे का, ते अजून बघितलेलं नाही.

ता. क. बॅगेचं वजन केलं. बावीस किलो सातशे. चकलीचा डबा काढावा लागणार, पण हे आईला कोण सांगणार?