तात्पर्याचा धोंडा

दिवाळीला मुलांच्या हाती गोष्टीचे पुस्तक द्यावे, ही रीत चांगलीच. माझे भांडण आहे ते गोष्टीच्या शेपटीला बांधलेल्या तात्पर्याशी. आणि माझी साक्षीदार आहे ‘अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टी’. १८६१ पासून कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी इंग्रजीवरून मराठीत आणायला घेतलेली आणि त्यांचे चिरंजीव विष्णुशास्त्री यांनी पुढे चालवलेली.

लहानपणी ती मी सिंदबादसाठी वाचली. चाळिशी उलटल्यावर पुन्हा हाती घेतली, आणि पहिल्या पानांतच अडकलो. शहरयार बादशहा रोज नवी नवरी करतो, सकाळी तिला मारवतो. या नवऱ्या आणतो कोण? वजीर. हा गृहस्थ क्रूर नाही बरे का! हुकमाचा ताबेदार एवढेच. असे वजीर आपण सर्वांनी पाहिले आहेत. पुढे त्याचीच मुलगी शहरजाद म्हणते, आता मला द्या. तेव्हा हा बाप काय करतो? बोधकथा सांगतो! गाढवाने बैलाला आजारी पडण्याची अक्कल शिकवली आणि दुसऱ्या दिवशी नांगराला स्वतःच जुंपले गेले. वर आणखी, हट्टी बायकोला काठीने सरळ करणारा व्यापारी. तात्पर्य स्वच्छ, शिवाय धमकीसकट. मुलगी जागची हलत नाही. एवढ्या अफाट ग्रंथात शहरजादला सांगितलेली ही पहिली गोष्ट, आणि ती साफ फसते.

मग ती स्वतः सांगू लागते. व्यापारी खजूर खाऊन बी भिरकावतो, ती लागून जिनाचा मुलगा मरतो, जिन तलवार उपसतो. वाटेने तीन म्हातारे येतात आणि एकेक गोष्ट सांगून व्यापाऱ्याचे तिसरा तिसरा हिस्सा रक्त सोडवून घेतात. काढा याचे तात्पर्य! खजुराच्या बिया जपून टाकाव्यात? बादशहा ऐकतो. गोष्टीसाठी खून माफ करणारा जिन त्याच्यासमोर उभा राहतो आणि ‘महाराज, हे आपल्याविषयी आहे’ असे कोणी म्हणत नाही. ती तसे म्हणाली असती, तर पहाटे तिचे मुंडके उडाले असते.

बालआवृत्त्यांत बहुधा शहरजादच गाळतात. राहतात अल्लाउद्दीन आणि अलीबाबा. या दोन गोष्टी हन्ना दियाब नावाच्या हलबच्या माणसाने १७०९ साली पॅरिसात गालाँला सांगितल्या; जुन्या अरबी पोथ्यांत त्या नाहीत. म्हणजे देऊळ पाडून ओवरी जपली! कारण काय, तर बायका मारणारा राजा मुलांना सोसणार नाही. अहो, खुलताबादची मुले औरंगजेबाच्या कबरीवरून रोज शाळेला येतात. राजा मरतो, एवढे त्यांना ठाऊक आहे. आणि याच गावच्या मातीत अमीर हसन सिजझी निजला आहे. निजामुद्दीन औलियांच्या बैठकीतले बोलणे त्याने वर्षानुवर्षे टिपून ठेवले. त्यातही एका गोष्टीतून दुसरी निघतेच.

यंदा सहावीच्या वर्गात वजिराची हकीकत सांगितली. तात्पर्य सांगितले नाही. एका मुलीने विचारले, “सर, आधी मेलेल्या पोरींच्या घरी सांगायला कोण गेलं?”

“पुस्तकात ते नाही,” मी म्हटले.

“मग मी लिहू?”

तिची वही अजून माझ्याकडे यायची आहे.