कन्व्हर्टर बदलण्याची घाई
आखातातल्या गॅरेजांत राबणाऱ्या आपल्या कारागीर बंधूंपुढे १९९६ नंतरच्या जुन्या अमेरिकी पेट्रोल पिकअप येतात. पी-०४२० कोड दिसला की अनेकजण थेट कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बदलतात. महिन्याभराने कोड पुन्हा हजर! आमच्या मते हे अर्धवट काम, आणि भुर्दंड गिऱ्हाइकाला. कन्व्हर्टर सहसा आपोआप मरत नाही. इंजिन मिस मारत असेल तर न जळलेले पेट्रोल आत जाऊन पेटते, जाळी वितळते; ऑइल जळत असेल तर तिच्यावर थर चढतो. प्लॅटिनम-पॅलेडियमचा नवा, महागडा नगही मग तसाच जातो. आधी एक्झॉस्ट पाइपची गळती शोधा. बाहेरची हवा शिरली तरी सेन्सर फसतो. नंतर इंजिन गरम करून मागच्या सेन्सरचा व्होल्टेज पाहा. तो पुढच्यासारखा सतत वरखाली होत असेल, तरच बदलीचा खर्च सांगा.