पाच थेंबांमागची यंत्रणा

दिवाळी सरून थंडी पडू लागली की उत्तर भारतातल्या रुग्णालयांच्या बालविभागात जुलाब-उलट्यांनी गळून गेलेली तान्ही मुले वाढू लागतात. त्यांतल्या अनेकांच्या आजाराचे मूळ रोटाव्हायरस असते. १९७३ साली मेलबर्नमध्ये रूथ बिशप आणि सहकाऱ्यांनी हा विषाणू ओळखला. स्वच्छ पाण्याने तो पुरता रोखला जात नाही. श्रीमंत देशांतल्या मुलांनाही तो गाठतो. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २००५ पासून निरनिराळ्या रुग्णालयांतून नोंदी घेतल्या, तेव्हा अतिसारामुळे दाखल झालेल्या पाच वर्षांखालील मुलांपैकी सुमारे ४० टक्क्यांमध्ये रोटाव्हायरस सापडला. लस हवी, हे म्हणायला त्यामुळे देशातलाच आधार मिळाला.

लस तोवर जगात होती. अमेरिकेत १९९८ मध्ये आलेली पहिली लस वर्षभरातच मागे घ्यावी लागली, कारण काही बाळांच्या बाबतीत आतड्यात आतडे शिरण्याचा धोका दिसला. पुढच्या दोन लशी अधिक सुरक्षित ठरल्या आणि भारतात खासगी दवाखान्यांतून मिळूही लागल्या, पण पैसे मोजणाऱ्यालाच. दरवर्षी जन्मणाऱ्या सुमारे अडीच कोटी बालकांना त्या दराने लस देणे सरकारी तिजोरीला झेपणारे नव्हते.

तोडगा दिल्लीतल्या नवजात बालकांमध्ये सापडला. १९८०च्या दशकात अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत डॉ. एम. के. भान आणि सहकाऱ्यांना असे दिसले की काही बाळांना रोटाव्हायरसचा संसर्ग होतो, पण आजार होत नाही. त्या विषाणूच्या ११६ई या वाणापासून पुढे हैदराबादच्या भारत बायोटेकने ‘रोटाव्हॅक’ तयार केली. कंपनीने डोसाची किंमत सुमारे एक डॉलर ठेवण्याची हमी आधीच दिली होती. किंमत आधी आणि लस मागाहून, हा क्रम औषधांच्या बाजारात विरळाच. दिल्ली, पुणे आणि वेल्लोर येथे ६,७९९ बालकांवर चाचणी झाली. पहिल्या वर्षात तीव्र आजारापासूनचे संरक्षण सुमारे ५६ टक्के भरले. आकडा डोळ्यांत भरणारा नाही, आणि श्रीमंत देशांतले आकडे बरेच वरचे आहेत. पण जिथे आजार इतका पसरलेला असतो तिथे अर्ध्याहून थोडी जास्त परिणामकारकताही दाखल होणाऱ्या मुलांची संख्या चांगलीच खाली आणते. एका लशीकडे डॉक्टर आणि आरोग्य खाते वेगवेगळ्या नजरेने पाहतात ते इथे.

जुलै २०१४ मध्ये केंद्र सरकारने ही लस सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रमात घेण्याची घोषणा केली. सुरुवात मात्र मार्च २०१६ मध्ये आणि चारच राज्यांत झाली: हिमाचल प्रदेश, हरियाणा, ओडिशा व आंध्र प्रदेश. देशभर पोहोचायला २०१९ उजाडले. बाहेरून हा वेळकाढूपणा वाटतो, आणि थोडाफार असेलही. पण नवी लस येते तेव्हा माता-बाल संरक्षण कार्ड, नोंदवह्या, मागणीपत्रके सगळेच बदलावे लागते. आरोग्यसेविकांचे प्रशिक्षण, शीतकपाटांतली जागा आणि आतड्याच्या त्या जुन्या धोक्यावर लक्ष ठेवणारी रुग्णालये, यांचीही तजवीज करावी लागते.

वेळापत्रकही लशीने ठरवले नाही. बाळ सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्यात पेंटाव्हॅलेंट (पाच रोगांवरची एकत्रित लस) व पोलिओच्या लशीसाठी येतेच. नव्या लशीचे तीन डोस त्याच फेऱ्यांत बसवले गेले. सत्राच्या दिवशी आरोग्यसेविका कुपीवरचा तापमानदर्शक चौकोन पाहते, तोंडावाटे द्यायच्या लशी आधी देते (पोलिओचे दोन थेंब, रोटाव्हॅकचे पाच) आणि मग मांडीत सुई टोचते. आधी सुई टोचली तर रडणारे बाळ थेंब गिळत नाही. उशिरा येणाऱ्या बाळांचा प्रश्न अधिक नाजूक होता. आतड्याच्या धोक्यामुळे पहिला डोस पंधराव्या आठवड्याच्या आत द्यावा असा दंडक होता. पण ज्या वस्त्यांत लसीकरणच उशिरा होते, तिथली मुले त्यामुळे कायमची सुटत. जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ मध्ये ही अट सैल केली.

राहिला थंडाव्याचा प्रश्न. रोटाव्हॅकचा साठा मुळात उणे २० अंशांवर ठेवावा लागे. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची ‘रोटासिल’ भुकटीच्या रूपात आली. ती उष्णता चांगली सोसते, पण सत्रात द्रावकात विरघळवून काही तासांतच संपवावी लागते, आणि डोस थेंबांचा नव्हे तर अडीच मिलिलिटरचा. एकीने शीतगृहावर ताण आणला, दुसरीने आरोग्यसेविकेच्या हातांवर. पुढे दोन्ही कंपन्यांनी द्रवरूप लशी काढल्या. त्या दोन ते आठ अंशांत, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रात इतर लशी ठेवतात त्याच कपाटात टिकतात आणि त्यांत काही मिसळावे लागत नाही.