पारध थांबली, रानविद्येचे काय?

गडचिरोली : पाखराच्या हाकेला त्याच्याच सुरात उत्तर देणे, मोडलेल्या गवतावरून जनावराची वाट ओळखणे, ओल्या मातीतील ठसा सकाळचा की रात्रीचा हे सांगणे, ही विद्या पूर्व विदर्भाच्या जंगलात पिढ्यान् पिढ्या बापाकडून मुलाकडे जात होती. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीवर बंदी आली. घटत्या वन्यजीवांचा विचार करता ती आवश्यकच होती. मात्र पारधीच्या आधाराने टिकलेले ज्ञान त्यानंतर कोणी, कोणाला आणि कशासाठी शिकवायचे, हा प्रश्न अनुत्तरितच राहिला.

या कायद्यातील शिकारीची व्याख्या व्यापक आहे. प्राण्याला मारणेच नव्हे, तर पकडणे, फासे लावणे, आमिष दाखवणे आणि तसा प्रयत्न करणे हीदेखील शिकारच ठरते. फासेपारधी पाळीव तित्तराला पिंजऱ्यात ठेवून बोलते करतात. त्याच्या हाकेने चिडलेला रानातील नर झुंजायला येतो आणि भोवतीच्या फाशात अडकतो. असे कसब प्रत्यक्ष दाखवल्याखेरीज शिकवता येत नाही आणि दाखवले की गुन्हा घडतो. २००६ च्या वनहक्क कायद्याने आदिवासींचे परंपरागत हक्क मान्य करताना शिकार आणि सापळे लावणे स्पष्टपणे वगळले. त्याच कायद्याने जैवविविधतेविषयीच्या पारंपरिक ज्ञानावर समूहाचा हक्कही मान्य केला. म्हणजे ज्ञान समाजाचे, पण ते ज्या कृतीतून आले ती कृती निषिद्ध, असा हा पेच आहे.

अमेरिकेने वेगळी वाट धरली. विसाव्या शतकाच्या प्रारंभी तेथील रानटी टर्की जवळजवळ संपुष्टात आली होती. ठरावीक हंगाम, परवाने, मारावयाच्या पक्ष्यांवरील मर्यादा आणि १९३७ च्या कायद्यानुसार बंदुका-काडतुसांवरील करातून मिळणारा निधी यांमुळे ती पुन्हा वाढली. आज तेथे टर्कीचा आवाज काढण्याची कला मुलांना उघडपणे शिकवली जाते. हा नमुना गडचिरोली-चंद्रपुरात जसाच्या तसा आणणे अशक्य आहे. येथील चितळ, सांबर आणि रानडुक्कर हे वाघाचे अन्न आहे. ते घटले तर वाघ गावाकडे, गुरांकडे वळणार, हे उघड आहे.

परंतु बंदीनंतर जंगलातील शिकार पूर्णपणे थांबली, असेही नाही. दोन्ही जिल्ह्यांत वीजवाहिनीवरून प्रवाह घेऊन जमिनीलगत तारा पसरण्याचे प्रकार वारंवार उघडकीस आले आहेत. अशा तारांना रानडुकराबरोबर वाघही बळी पडतो आणि माणूसही. या शिकारीला ना कान लागतो, ना नजर. मादी, पिल्लू, हंगाम असा कोणताही भेद तार करीत नाही. जुन्या पारधीचे उदात्तीकरण नको. पण तिच्या जागी आलेली पद्धत अधिक आंधळी आहे, हे नाकारता येणार नाही.

दुसरीकडे, हेच ज्ञान आज जीव वाचवण्यासाठी हवे आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये वडसा परिसरात पकडलेल्या ‘सीटी-१’ या वाघाने गडचिरोली, चंद्रपूर आणि भंडारा जिल्ह्यांत १३ जणांचे बळी घेतले होते. मोहफुले आणि तेंदूपाने वेचायला पहाटे जंगलात जाणाऱ्यांना सांबराची धोक्याची हाक, वानराची खाकर किंवा भेकराचे भुंकणे वेळीच ओळखता आले, तर मागे फिरण्याची संधी मिळते. आश्रमशाळेत वाढलेल्या पिढीला हे कोण शिकवणार?

विद्येला नवे काम देता येते, याची उदाहरणे देशात आहेत. बिहारमधील पक्षी पकडणाऱ्या समाजातील अली हुसेन यांनी आपले कसब बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या पक्ष्यांना कडी घालण्याच्या कामासाठी वापरले. मध्य प्रदेशातील पन्ना येथे पारधी तरुण पर्यटकांना रानवाटा दाखवतात. २०२५ मध्ये निधन पावलेले मारुती चितमपल्ली यांनीही आपल्या लेखनातील शब्दसंपदा मोठ्या प्रमाणावर पारधी, गोंड आणि अन्य वनवासी जाणकारांकडून मिळवली होती.

धोका अर्थातच आहे. पाखराला बोलावणारी शीळ फाशाजवळही नेऊ शकते. म्हणूनच शिकवण्याचे ठिकाण आणि जबाबदारी निश्चित हवी. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला, त्यानंतर जिल्ह्यातील अनेक ग्रामसभांना तो मिळाला. वन्यजीवांच्या रक्षणाचा अधिकार वनहक्क कायद्यानेच ग्रामसभांना दिला आहे. त्यांच्या देखरेखीखाली गावातील जाणत्यांना मानधन देऊन प्राथमिक प्रतिसाद दल, वनरक्षक आणि आश्रमशाळेतील मुलांना ठसे व आवाज शिकवणे यासाठी कायदा बदलावा लागणार नाही. पारधीच्या काळात रान पायाखाली घातलेले लोक आता वार्धक्यात आहेत. हा निर्णय लांबणीवर टाकण्यास फारसा अवधी उरलेला नाही.